स्टेकहाऊसातला ठेचा

बबनराव गुडघा दाखवायला जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नंबर लावून बसले होते. एवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून चक्क मराठी ऐकू आली. आता बर्मिंगहॅममध्ये असं फुकटात कुठं मिळतंय? मासिक मांडीवर ठेवून गड्यानं कान मागं लावले.

"डॉक्टरला खरं सांग हं. केमो संपून सहा महिने झाले, तरी जिभेला चव नाही म्हणून."

"सांगते की. काल स्टेकहाऊसात नेलंत, ते पण सांगू?"

"सांग. लग्नाला चाळीस वर्षं झाली. म्हटलं, एवढं भारी खाल्लं तर चव येईल."

"ते मांस रबर चावल्यासारखं लागलं, अहो."

"मला पण. म्हणून तर डबी काढली."

"त्या वेटरच्या पुढ्यात खिशातनं ठेच्याची डबी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"त्यानं पण घेतला की बोटावर."

"आणि पळाला पाणी प्यायला."

"पळू दे. तुझ्यासाठी पहाटे उठून कुटला होता मी."

"तुम्हीच कुटलात ते कळलं. मीठ किती घालायचं माणसानं!"

"काय?"

"मीठ हो. नुसता खारट."

"परत बोल."

"खारट! आज कान पण तपासून घ्या."

बबनरावांनी वळून बघितलं नाही, मासिकाचं एक पान तेवढं उलटलं.

"मिसेस वाघमारे," नर्सनं हाक मारली.

"चल, ऊठ. आणि आत गेलीस की डॉक्टरसमोर मिठावरनं अस्संच भांड माझ्याशी."