दारातल्या चपला

तुम्हाला आज हसू येईल, पण आमच्या वेळी कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून लॅबच्या दारात चपला काढायला लावायचे. मी बारामतीत एमसीए करत होतो. एकदा प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो, तर वरकुट्याहून आलेले माझे वडील, आबा, त्या चपलांशेजारी अनवाणी बसलेले.

“कधी आलात, आबा?”

“झाला येळ. समदी पायताणं काढून आत गप बसलेली दिसली. म्हणलं, देवाचं कायतरी चाललंय, मधी हाक कशी मारायची?”

“झालंय काय?”

“तुझ्या आईचं काय खरं न्हाय. सारखं तुझंच नाव घेतीया.”

मिळेल त्या एसटीनं घरी पोचलो. दारात चपलाच चपला होत्या, आणि आत सगळे गप बसले होते.