पत्रिकेतली रिकामी ओळ

चहा घेताय तोवर सांगते. माझ्या शुक्रवारच्या उद्यापनाची पत्रिका मी फोनवर लिहिली. वर ओटी भरायच्या सुवासिनींची नावं, मग एक ओळ रिकामी, आणि खाली नुसत्या जेवायला येणाऱ्या माझ्या रोह्याच्या विधवा जाऊबाईंचं. फोनवरची ती रिकामी ओळ पेणच्या छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरला दिसलीच नाही. त्याने सगळी नावं सलग छापली.

जाऊबाई गजरा माळून आल्या आणि सुवासिनींच्या पाटावर बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "ऊठ गो, तुजं नाव चुकून पडलंय."

मी मान खाली घातली. "कॉम्प्युटरची चूक हाय, ताई."

"व्हय?" जाऊबाई उठल्या. "मला वाटलं, तू मुद्दाम लिवलंस."

ओटीचं ताट माझ्याच हातात होतं.