वर बघू नका, शेठ

नाय नाय, वर बघू नका, शेठ — करवतीचा भुसा डोळ्यात जातो. मागं एक पावणं असंच मान वर करून बसलं व्हतं, त्याचं डोळं पार सुजलं. तुमी आपलं विहिरीकडं तोंड करून बसा, ह्या कडुलिंबाच्या सावलीला. हां, असं. वर बघायला मी हाय की. हा भिका उभा हाय तवर तुमच्या कौलांना खरचटायचं बी न्हाई — तळेगावच्या ठेसनावरनं गाडीत गवत घालून आनलीत, मंगळुरी, सगळ्या नारायणगावात दुसरी न्हाईत, ठाऊक हाय मला. ती चिंचेची आडवी फांदी नेमकी माडीवर आली. आता तिला काय ठाऊक झुंबरशेठ हितं माडी बांधनार ते? झाड आधीचं, माडी मागनं. म्हंजे चूक तुमचीच — हसा, शेठ, हसा. मालक हसला की आमचंबी काम हलकं व्हतं.

हा दोर व्हय? हा असा — फांदीला बांधला, वरच्या बेचक्यातनं काढला, आनि हितं लिंबाच्या बुंध्याला वेढे देऊन माझ्या हातात. फांदी तुटली तरी धाडदिशी येत न्हाई, मी सोडंल तशी येती, नवी नवरी उंबरा ओलांडती तशी — हळू, लाजत लाजत. आनि वर चढनाऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत, माज्या आज्यापासनची. वरनं हाक आली की खालचा दचकतो, दचकला की दोर निसटतो. म्हनून जे काय बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हंजे धर, दोन म्हंजे सोड. म्हनून तो गप हाय. मुका न्हाई, शेठ — माझा पोरगा हाय तो, जानकू. खाली असला की लई बडबडतो, माज्यावर गेलाय. वर मातर गप.

बारीक दिसतो? बारीकच असावं की चढनाऱ्यानं, नायतर त्याच्याआधी फांदी खाली यायची. पटका येवढा मोठा — ऊन लागतं हो. परत वर बघताय तुमी. भुसा म्हनलं ना.

तुमी सांगितलं तसं आमी थांबलो बरं का. त्या फांदीवर होल्याचं घरटं व्हतं, पिल्लं उडून जाईस्तोवर करवत लावायची न्हाई म्हनला व्हता तुमी, न्हाई लावली. गावात लोक हसलं — दोन होल्यांपायी शेठ माडीत ऱ्हायला जाईनात. म्या न्हाई हसलो. म्हनलं, ह्या मानसाचं काम करायला बरं वाटंल. खरंच म्हनलं. इचारा हवं तर — कुनाला? त्या फाटकापाशी बसलेल्या गाडीवाल्याला इचारा. तो? तो आपला — भाड्याचा गाडीवाला. फांद्या वाहून न्यायला. त्याचं नाक माज्यावानी हाय? आता नाकाचं काय घेऊन बसलात, डोंगराकडं सगळ्यांचीच नाकं अशी.

आनि ही झोळीत नात माझी. जानकूची. घरी कोन बघनार तिला — माजी बायको साळुबाई प्लेगाच्या साली गेली, तवापास्नं घरात मोठं मानूस मीच. म्हनून जिथं काम तिथं झोळी. कुठल्याबी झाडाला बांधली की झोपती. झाडवाल्याची नात, तिला पाळन्यात झोप येत न्हाई. आई? हाय की आई. कामात हाय जरा.

बघा — उठलीच. ए बाय, गप गं, गप. भूक लागली तिला. शेठ, माजं दोन्ही हात दोरात गुतल्यात, तेवढी झोळीची दोरी ओढता का? तुमच्या हाताखाली हाय बघा. जरा हळू, शेठ, झोळी हाय ती, विहिरीची बादली न्हाई — हां, अशी. गोड हाय ना? नाक बघा तिचं. माजंच.

न्हाई, गाडीवाला येऊन काय करनार, त्याच्याकडं दूध थोडंच हाय. आई लागंल तिला. बोलाव म्हनताय — कसं बोलावू, शेठ? करवत अर्ध्यात हाय. खालनं चीर दिली, आता वरनं चाललीय. अशी अर्धी सोडली तर फांदी आपल्या वजनानं साल सोलत बुंध्यापतोर फाटंल, आनि जाईल ती सरळ तुमच्या कौलांवर. आईला आता खाली बोलावता यायचं न्हाई.

व्हय. वर हाय ती.

आता बघा वर. बघाच. भुसा-बिसा काय येत न्हाई, वारा तिकडचा हाय. माझी सून हाय ती, लंका. डोंगरातल्या आहुप्याची. आनि तो फाटकापाशी बसलाय तो जानकू, माझा पोरगा, नाक माजंच. खोटं बोललो, चुकलं म्हना. पन ऐका तरी — म्या वारूळवाडीला चिंचेवरनं पडलो, ह्यो गुडघा तवापास्नं वाकत न्हाई. मग जानकू चढला. चढला कसला — पयल्याच आंब्याला मधल्या फांदीवर गेला आनि फांदीला मिठी मारून बसला. डोळं गच्च मिटलेलं. खाली बघंना, वर जाईना, निस्तं "आबा, आबा". तेवढ्यात ही भाकरी घेऊन आली. टोपलं ठेवलं, लुगड्याचा काचा आवळला आनि सरसर वर. नवऱ्याच्या कमरंला दोर बांधला आनि त्याला गाठोड्यावानी खाली धाडला. मी इतका हसलो, इतका हसलो, की दोर सुटतोय का काय असं झालं. आनि मग वर गेलीच हाय तर म्हनून फांदीबी तिनंच उतरवली. बेस उतरवली, शेठ. ल्हानपनापास्नं हिरड्याच्या झाडावर वाढलेली पोर ती. उतरली तर तोंडावर असं हसू — लग्नातबी म्या तिला तशी हसताना पायली न्हवती.

मग पटका कशाला? राजुरी गावात काम चालू व्हतं तवा कळलं ना, वर बाई हाय ते. अर्ध्या कामात उतरवली तिला. बाई चढली की झाडाला फळ धरत न्हाई म्हनं. माझं घर कसंबी चालंल, जानकू गाडी हाकतो, भाताचं एक खाचर हाय. पन त्या दिवशी ती घरी आली आनि कोयता वळचनीला खोचून ठेवला. काढलाच न्हाई. म्हनली, आबा, मी आता चुलीपाशीच बरी. मला वाईट वाटलं, शेठ, लई वाईट वाटलं. तुमचं बोलावनं आलं तवा म्याच म्हनलं, माझा पटका बांध, चल. ते होल्याचं ऐकलं व्हतं म्हनून म्हनलं. पिल्लं व्हती तवर तुमी त्या मादीला उठवलं न्हाई. हिलाबी तेवढी फांदी पुरी होईस्तोवर उठवू नका. मग काय बोलायचं ते बोला, मला बोला. तिला बोलू नका.

बगा, रडतीय पोरगी, तरी वर करवतीचा आवाज थांबला न्हाई. तिच्या जिवाला काय व्हत असंल ते तिलाच ठाऊक. पन हात सरळ चाललाय.

शेठ? उठलात तुमी? वाड्यात चालला?

नाय व्हय — झोळीकडंच. बरं, बरं. ओढा. आता जमाया लागलं तुमाला. काय? जानकूला सांगू, फांदी खाली येनार, गाडी लांब घे म्हनून? सांगतो की. जानकू, गाडी मागं घे. अन् नाक झाकू नको आता, शेठला कळलंय.

दोन हिसके. आता बोलू नका, शेठ. ती सोड म्हनतीय.