खिशातली शिट्टी

आमच्या दादाला नाटकाला न्यायचं म्हणजे जोखीमच रं. तीस वर्षं कबड्डीचा पंच, कुणी पडलं की हात शिट्टीकडंच जातो. त्यात खोपोलीच्या त्या नाटकात त्याचीच पोरगी सायली बॉक्सर झालेली. ढोलकीच्या ठेक्यावर ठोसे मारायचे, गिरकी घेऊन चुकवायचे, सगळी मारामारी नाचत. दारातच वहिनीनं हात पुढं केला, "शिट्टी द्या आधी." दादानं मुकाट्यानं दिली.

शेवटच्या फेरीत सायली धाडकन पडली. ढोलकी थांबली. स्टेजवरचा पंच आकडे मोजायला लागला.

"पाचला उठते ती," वहिनी पुटपुटली. तालमी तिनं बघितल्या होत्या.

पाच झाले, सहा झाले, सायली हलेना. दादाचा हात रिकाम्या खिशात गेला. मी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. सात!

तेवढ्यात माझ्या कानाशी खणखणीत शिट्टी वाजली. पंच मोजायचा थांबला. बघतो तर शिट्टी वहिनीच्या तोंडात!

सायलीनं पडल्या पडल्याच डोळे उघडले. "आई, कालच बदललंय गं! आता नऊला उठायचंय!"

दादानं शांतपणे हात पुढं केला. "आण इकडं. तुला नाय झेपायची ती."