बाकावरचे आजोबा

हो, अक्षर माझंच. चित्रही माझंच. 'बाकावरचे आजोबा' — त्यांच्यासमोरच लिहिलंय मी खाली. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. — तर तुम्ही त्यांची मुलगी. दारात बघूनच वाटलं मला, कपाळ तेच आहे. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली मी, आणि त्याच्याही आधीपासून हे कपाळ काढतेय. कधीपासून म्हणता? नऊ वर्षांची होते तेव्हापासून.

आमचे बाबा छापखान्यात जुळारी होते — शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, ते काम. सरकारी ज्ञानकोश तिथेच छापायचे. तुमचे वडील तेव्हा राष्ट्राध्यक्ष, त्यांच्यावर दीड पान, आणि त्यात बाबांच्या हातून एक अक्षर चुकलं. 'स्वभावाने उदार' हवं होतं, झालं 'स्वभावाने उधार'. मुद्रितं तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटलं, खंड घरोघर गेला आणि लोक हसायला लागले — कारण खुर्ची तुमच्या वडिलांनी सैन्याकडून मागून आणलेली, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मुद्दाम केलं का? छे हो. आमचे बाबा विनोद करणाऱ्यातले नव्हतेच, त्यातला विनोद त्यांना चौकशीवाल्यांनीच समजावून सांगितला. तीन वर्षं आत होते. परत आले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती, चिमटीत खिळा धरता येईना — मग शाळेच्या फाटकावर राखणीला बसले, शेवटपर्यंत.

तो खंड शिपाई घरोघर फिरून परत घेऊन गेले, आमचा मात्र आईने गव्हाच्या पिंपात तळाशी पुरून ठेवला होता. आई कामाला गेली की मी तो उकरून काढायची. त्यात तुमच्या वडिलांचा फोटो, काडेपेटीएवढा. मी तो उतरवायची — पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, परातीतल्या पिठात बोटाने. का म्हणजे? हा माणूस कधी रस्त्यात दिसला तर ओळखता आला पाहिजे, म्हणून. पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं, ओळखायचं एवढंच ठरलं होतं. दीड पान तोंडपाठ झालं — जन्म कुठला, आजोळ कुठलं, पोहायची आवड, कबुतरं पाळतात. डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, हे मात्र कोशात नव्हतं, ते मला काढता काढता सापडलं.

मग ते पायउतार झाले, देश सोडून गेले, कधी परतले ते कोणाला कळलंही नाही. आणि मी निवृत्त झाल्यावर बागेत बसायला लागले, येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रं काढून द्यायची, हौस आपली. एका गुरुवारी एक म्हातारा समोरच्या बाकावर येऊन बसला. मी आधी कान काढला — पाळी गालाला चिकटलेली. त्यांना चित्र आवडलं, म्हणाले, "ओळखलंत वाटतं मला?"

मी म्हटलं, "नाही."

काय चेहरा पडला हो. आणि मला — खोटं कशाला बोलू — पन्नास वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मग ते दर गुरुवारी यायला लागले. तुम्ही कुठे होतात तेव्हा? — असो. दर वेळी काहीतरी आठवण करून द्यायचे, नदीवरचा मोठा पूल मी बांधला, नाण्यावर माझा चेहरा होता — मी म्हणायची, असेल बुवा, माझ्या काही लक्षात नाही. चित्राखाली नाव लिहा म्हणाले, तर मी हे 'बाकावरचे आजोबा' लिहून हातात दिलं. शेवटी एकदा म्हणाले, वाचनालयात जा, जुना ज्ञानकोश उघडा, त्यात आहे मी. बरं म्हटलं. वाचनालयात कशाला जाऊ, खंड माझ्या उशाशी असतो. पुढच्या गुरुवारी सांगितलं —

"सगळा कोश पाहिला. तुमचं नाव नाही त्यात."

नीट पाहिलंत ना, असं दोनदा विचारलं त्यांनी. नीट पाहिलं म्हटलं. मग रडले. आवाज न करता, चष्मासुद्धा न काढता. मी तेही काढलं, पेन्सिल थांबवली नाही. ते चित्र तुम्हाला दाखवणार नाही. — हो, त्यानंतर आलेच नाहीत. पुढचे चार गुरुवार मी जाऊन बसले होते. कशाला, ते विचारू नका.

आणि आता तुम्ही म्हणता, हे स्मारकात लावायचंय, म्हातारपणाचं दुसरं चित्रच नाही, तेवढं खाली खरं नाव लिहून द्या. पेनही घेऊन आलात. आमचे बाबा असते ना, तर त्यांनी लिहिलं असतं. डाव्या हाताने, वळणदार — वर तुम्हाला पाणीही विचारलं असतं. सुटून आले तेव्हा उंबऱ्यात उभं राहून पहिलं काय विचारलं आईला, ठाऊक आहे? ती चूक दुरुस्त केली ना त्यांनी, म्हणून. बोटं गेली, आणि माणसाला काळजी त्या 'द'ची. राग म्हणून कधी आलाच नाही त्यांना. मग तो कोणीतरी धरायला नको? घरात मी एकटीच होते, मलाच —

नाही. तुम्ही रडायचं नाही इथे. नाही लिहिणार मी. पेन ठेवा पिशवीत. चित्र न्या, आहे तसं न्या. आणि जाताना दार ओढून घ्या.