चकचकीत हळकुंडं

"इतकी पिवळीधमक हळद बाळाच्या दुधात नको गं," असं खालानं, म्हणजे मावशीनं, नासरीनला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. आज बांगलादेशातल्या राजशाही शहराच्या दवाखान्यात तिच्या पुढच्या रांगेत दोघी बायका बोलत होत्या.

"आपा, तुमचा पोरगा अजून बोलत नाही?"

"नाही. डोकं तल्लख व्हावं म्हणून रोज हळदीचं दूध पाजलं हो."

"मग?"

"रक्तात शिसं निघालं. हळकुंडं चकाकावीत म्हणून रंगाची भुकटी चोळतात, त्यातलं."

"कोण मेला चोळतो?"

"याचाच बाप. हळदीच्या गोदामात त्याचं तेच काम. लेकासाठी सगळ्यात चकचकीत निवडून आणायचा."

नासरीननं पिवळ्या दुधाची बाटली पिशवीत खोल ढकलली आणि मांडीवरच्या लेकीला हाक मारली. लेक वळली नाही.

तुमच्या शेजारी असं गप्प मूल असेल, तर आजच जाऊन त्याला हाक मारून बघा; वळलं नाही, तर त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायला सांगा.