अंशतः खरे आहे

…आणि नाव टाकून तिथं काही सापडतच नाही हो! तुम्हाला सांगते, कडेवर पोर, पोराच्या हातात बिस्कीट, बिस्किटाचा चुरा सगळा त्या झेरॉक्सवाल्याच्या कीबोर्डवर, आणि मी आपली यांचं नाव सांगतेय, मग आडनाव, मग आधी आडनाव आणि मागून नाव… काही म्हणजे काही नाही. शेवटी तो म्हणाला, वहिनी, हे सभागृहाचं कामकाज आहे, इथं माणसाचं नाव नसतं, प्रश्नाचा क्रमांक लागतो. आता मी कुठून आणू क्रमांक? सातवी शिकलेली बाई मी, मला किती कळणार?

आमचे निवडून आलेले साहेब भेटायला आले होते ना, तेव्हा सासूबाईंचा हात धरून म्हणाले, तुमच्या मुलाचा प्रश्न सभागृहात मांडतो. तेव्हापासून सासूबाईंचं रोज एकच, मांडला का? कारण बर्फाच्या कारखान्यात गॅस गळला, सगळे बाहेर पळाले आणि हे कॉक बंद करायला आत गेले ते गेलेच, तर मालक सांगत सुटला, यानंच चुकीचा कॉक फिरवला! आणि गल्लीला मालकाचं खरं वाटतं.

मग 'गळती' टाकलं, तर साऱ्या मुलखाच्या नळांची गळती आली. 'बर्फ' टाकलं, तेव्हा कुठं आमचा प्रश्न निघाला. वर लिहिलेलं, अतारांकित. म्हणजे काय हो? तर म्हणे, तारा असलेल्या प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात, बाकीच्यांची नुसती छापतात. म्हणजे यांच्यासाठी कोणी उठलंसुद्धा नाही. असू दे. सातवी शिकलेली बाई मी, मला किती कळणार?

तर प्रश्न असा, गळतीत एक कामगार मृत्युमुखी पडला, हे खरे आहे काय? आणि खाली उत्तर, हे अंशतः खरे आहे.

अंशतः? माणूस अंशतः कसा मरतो हो? मग उरलेला अंश कुठाय? पोर तापानं फणफणलं तेव्हा तरी यायचा…

पुढं, कारखान्यावर काय कारवाई केली? तर, घटना कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडल्याने प्रश्न उद्भवत नाही.

झेरॉक्सवाल्यानं तेवढा कागद छापून दिला आणि कीबोर्ड उलटा करून चुरा झटकत बसला.

घरी आले. सासूबाईंना अक्षरओळख नाही. कागद बघून समोर येऊन बसल्या, म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. म्हटलं, "आई, मंत्री म्हणतात, यांची काही चूक नव्हती."

सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "परत वाच."

आता रोज वाचते हो. रोज दुपारी, पोर निजलं की. आणि रोज तेच तेच कसं वाचायचं? सोमवारी मी मालकाला दंड केला, परवा कारखान्याला टाळं लावलं, काल तर अख्खं सभागृह उभं केलं यांच्यासाठी… आज विरोधी पक्ष तेवढा बोलायचा राहिलाय.